लंडन ते पॅरिस: पंचवीस मिनिटांचं अंतर, सव्वा तासाचं विमान

लंडन-पॅरिस विमानाचं वेळापत्रक पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास चक्रावतो. समजा, हीथ्रोहून सकाळी १० ला सुटणारं विमान पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर १२.२० ला पोचेल असं तिकिटावर छापलंय. परतीचं विमान पॅरिसहून दुपारी २ ला सुटतं आणि लंडनला २.२० ला उतरतं. म्हणजे जायला दोन तास वीस मिनिटं आणि यायला वीस मिनिटं? विमान तेच आणि अंतरही तेच, मग हा काय प्रकार?

यातली अर्धी गंमत घड्याळाची आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असल्यामुळे जाताना एक तास वाढलेला दिसतो आणि येताना तोच तास गायब होतो. तो काढला की दोन्हीकडे खरा आकडा मिळतो एक तास वीस मिनिटं. वर्षाच्या कुठल्याही दिवशी हा फरक एका तासाचाच राहतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं पुढेमागे होतात, पण ब्रिटन आणि फ्रान्स दोघंही ती एकाच क्षणी हलवतात. आपण मात्र घड्याळाला हात लावत नसल्यामुळे भारतातून बघताना लंडन कधी साडेचार तास मागे असतं, तर कधी साडेपाच.

या एका तासामागचा इतिहास मजेशीर आहे. सूर्याच्या हिशेबाने ग्रीनिच आणि पॅरिस यांच्यात जेमतेम ९ मिनिटं २१ सेकंदांचा फरक आहे. १९११ मध्ये फ्रान्सने ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण इंग्रजांच्या गावाचं नाव आपल्या कायद्यात कशाला, म्हणून मजकूर लिहिला तो असा: फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसच्या वेळेतून ९ मिनिटं २१ सेकंद वजा. पुढे १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि शहराची घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण ती वेळ तिथेच राहिली. आज तिकिटावर दिसणारा एक तासाचा फरक भूगोलापेक्षा त्या इतिहासाने जास्त घडवलेला आहे.

घड्याळाचा हिशेब मिटला. आता अंतराकडे वळू.

इंटरनेटवर शोधलं तर लंडन-पॅरिस ३४४ किलोमीटर असं उत्तर मिळतं. हा आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा, सरळ रेषेतला आहे. लंडनचं अंतर परंपरेने मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉस या चौकापासून मोजतात आणि पॅरिसचं नोत्र दाम चर्चसमोर फरसबंदीत बसवलेल्या खुणेपासून. सरळ रेषा म्हणजे अर्थातच पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत छोटी वाट. मुंबई-लंडनसारख्या लांब मार्गावर ही वाट सपाट नकाशावर चांगलीच वाकडी दिसते, पण ३४४ किलोमीटरवर गोलाईचा परिणाम विचारात घेण्याइतकाही नसतो.

विमान मात्र चेरिंग क्रॉसवरून उडत नाही. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे आणि शार्ल द गॉल पॅरिसच्या ईशान्येला, रोआसी नावाच्या गावाजवळ. या दोन विमानतळांतलं सरळ अंतर साधारण ३४७ किलोमीटर भरतं. वैमानिकांच्या कागदावर तर किलोमीटर नसतातच, तिथे ते १८७ नॉटिकल मैल असतात. रेल्वेमार्ग ४९२ किलोमीटरचा आहे, कारण गाडीला आधी आग्नेयेला केंटमध्ये उतरून, इंग्लिश खाडीखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून कॅलेजवळ बाहेर पडून, मग दक्षिणेला वळावं लागतं. एकाच जोडगावांसाठी हे तीन आकडे फिरत असतात आणि तिन्ही बरोबर आहेत. कोण कशाने जाणार, एवढाच प्रश्न.

आता भागाकार करू. ए-३२० जातीचं विमान वर स्थिर झाल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. ३४७ भागिले ८३० म्हणजे २५ मिनिटं. प्रत्यक्षात चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत ४५ ते ५० मिनिटं जातात. पंचवीसची पन्नास कशी झाली?

पहिलं कारण वारा, पण तुम्हाला वाटतो त्या अर्थाने नाही. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतं आणि उतरतं. समोरून येणारा वारा पंखांना उचल देतो आणि कमी धावपट्टी पुरते. लंडनमध्ये बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे हीथ्रोहून विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतात. पॅरिस मात्र आग्नेयेला आहे! म्हणजे पॅरिसला निघालेलं विमान पहिली काही मिनिटं पॅरिसपासून दूर चाललेलं असतं. मग ते डावीकडे वळतं, दक्षिणेची वाट धरतं, ससेक्सचा किनारा ओलांडतं आणि खाडीवरून नॉर्मंडीत शिरतं. पॅरिसलाही वारा पश्चिमेचाच असेल तर तिकडेही तीच कथा. विमान येतं वायव्येकडून, पण उतरायचं असतं पश्चिमेकडे तोंड करून. म्हणून ते विमानतळाच्या बाजूने पुढे पूर्वेला जातं आणि वळून परत येतं. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला वाटतं, अरे, विमानतळ तर मागे गेला. तो खरंच मागे गेलेला असतो. नकाशावरच्या सरळ रेषेला दोन्ही टोकांना असे हूक लागतात आणि ३४७ चे चारशेच्या वर किलोमीटर सहज होतात.

दुसरं कारण वेग. ताशी ८३० हा वरचा वेग आहे, आणि वर पोचायला वेळ लागतो. साधारण १० हजार फुटांच्या खाली विमानांना २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. चढताना ती असते आणि उतरताना तर त्याहूनही वेग कमी करत आणावा लागतो. लांबच्या प्रवासात चढउताराचा हा अर्धा-पाऊण तास एकूण वेळेत विरून जातो. लंडन-पॅरिसला मात्र चढणं-उतरणं हाच जवळजवळ सगळा प्रवास आहे. एरवी ३५-३७ हजार फुटांवर जाणारं विमान इथे बरेचदा ३० हजारांच्या आतच थांबतं, कारण त्याहून वर जाण्यात अर्थ नसतो. तिथे पोचेपर्यंत खाली यायची वेळ झालेली असते. हवाई सुंदरी चहाची गाडी अर्ध्यावर आणते न आणते तोच पट्टे बांधायची घोषणा होते, ती त्यामुळेच.

तिसरं कारण वाट. आकाश मोकळं दिसत असलं तरी विमानाला हवं तिथून जाता येत नाही. या धड्याची सुरुवात याच मार्गावर झाली. १९२०च्या दशकात लंडन-पॅरिसचे वैमानिक खाली रस्ते आणि रेल्वेचे रूळ बघत बघत जायचे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीत, धूसर हवेत, एक विमान लंडनकडून येत होतं आणि दुसरं पॅरिसकडून. दोघांच्याही खाली एकच रस्ता होता. ती दोन्ही समोरासमोर आदळली आणि त्यांतलं कुणीही वाचलं नाही. प्रवासी वाहतुकीच्या दोन विमानांची हवेतली ही पहिली टक्कर मानतात. आज लंडनच्या आकाशात आत यायच्या आणि बाहेर जायच्या वाटा वेगळ्या आहेत, उंच्या वेगळ्या आहेत, आणि विमान या नियंत्रकाकडून त्या नियंत्रकाकडे सोपवलं जातं. थोडा वळसा पडतो, पण तो घेतलेला बरा.

वाऱ्याचा दुसरा अर्थ, म्हणजे मागून ढकलणारा किंवा समोरून अडवणारा वारा, इथे जवळपास निकामी आहे. न्यूयॉर्क-लंडन मार्गावर पश्चिमी वाऱ्यांमुळे येण्याजाण्यात तासभराचा फरक पडतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, आणि मग ते इथेही लावलं जातं. हिशेब करून बघा. वर पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असं धरू. विमान आग्नेयेला जात असल्याने त्यातला साधारण ६० किलोमीटरचाच जोर पाठीमागून लागतो, बाकीचा कुशीवर आदळतो. पूर्ण वेगाचा टप्पा जेमतेम २०० किलोमीटरचा धरला, तर ८३० ऐवजी ८९० ने जाऊन वाचणारा वेळ एक मिनिट. परतीच्या विमानाचं वेळापत्रक दहा मिनिटं जास्त दाखवत असेल तर दोष वाऱ्याला देऊ नका, खाली हीथ्रोकडे बघा.

कारण खरा वेळ जातो तो जमिनीवर आणि जमिनीच्या आसपास.

विमान कंपन्या ज्याला उड्डाणाचा वेळ म्हणतात तो धंद्याच्या भाषेत ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान गेटवरून मागे ढकललं गेलं तिथपासून पोचलेल्या गावी गेटवर उभं राहीपर्यंतचा हा वेळ. आपलं १० चं विमान जवळून बघू. १० वाजता दार बंद, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, इंजिनं सुरू होतात. मग रांग. हीथ्रोला फक्त दोन धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणं-उतरणं ही सरकारी मर्यादा. विमानतळ त्या मर्यादेला टेकूनच चालतो. धावपट्टीच्या तोंडाशी पोचेपर्यंत १०.२० होतात. चाकं सुटतात, आणि ११.१० च्या सुमारास ती पॅरिसला टेकतात. शार्ल द गॉलला चार धावपट्ट्या आहेत, पण विमानतळाचा विस्तार अवाढव्य, त्यामुळे उतरल्यावरही विमान आणखी दहा मिनिटं चालतच असतं. ११.२०, म्हणजे पॅरिसचे १२.२०. ऐंशी मिनिटांच्या ‘विमानप्रवासा’तली तीस मिनिटं तुम्ही जमिनीवरच होता.

कधी दार बंद होऊनही विमान हलत नाही आणि कॅप्टन सांगतो की आपल्याला ‘स्लॉट’ मिळालाय. युरोपच्या आकाशातली गर्दी युरोकंट्रोल ही संस्था ब्रसेल्समधून सांभाळते. पुढे कुठे दाटी होणार असेल तर ती विमानाला आधीच जमिनीवर थांबवते आणि उडण्याची वेळ नेमून देते. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत उडालात तर ठीक, नाहीतर पुन्हा रांगेत. वर जाऊन घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा खाली थांबणं स्वस्त, असं यामागचं गणित आहे.

घिरट्या मात्र हीथ्रोला चुकत नाहीत. लंडनभोवती चार ठिकाणं अशी ठरलेली आहेत की जिथे येणारी विमानं एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतराने, गोल फिरत आपल्या पाळीची वाट बघतात. बिगिन, लॅम्बोर्न, ऑकम, बोविंग्डन ही त्यांची नावं. पॅरिसहून येणाऱ्या विमानाने अख्खी खाडी पंधरा मिनिटांत ओलांडावी आणि मग दहा मिनिटं एका जागी चकरा माराव्यात, हे तिथे रोजचंच आहे.

हे सगळं कंपन्यांना ठाऊक असल्यामुळे वेळापत्रक बनवताना त्या थोडी सैल वेळ धरतात. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान या धंद्यात वेळेवर धरलं जातं, आणि वेळेवर पोचण्याची टक्केवारी जाहिरातीत मिरवता येते. म्हणून रस्ता मोकळा मिळाला की विमान वीस मिनिटं आधी उतरतं आणि कॅप्टन अभिमानाने तसं सांगतो. वीस मिनिटं लवकर म्हणजे खरं तर नेहमीइतकीच, असं माझं मत झालेलं आहे.

पोचणं म्हणजे नेमकं काय, यावर तर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं, आणि दोष कंपनीचा असला, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून जर्मनीतल्या कोलोन-बॉनला आलेलं जर्मनविंग्जचं एक विमान धावपट्टीला टेकलं तेव्हा उशीर होता २ तास ५८ मिनिटं. गेटवर उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. कंपनी म्हणाली, चाकं टेकली म्हणजे पोचलो. प्रवासी म्हणाला, मी आत कोंडलेला होतो, पोचलो कुठे? सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने प्रवाशाची बाजू घेतली: विमानाचं किमान एक दार उघडलं, प्रवाशांना बाहेर पडता आलं, तो क्षण म्हणजे पोचण्याचा. युरोपात उशिराच्या भरपाईसाठी दावा लावायची वेळ आलीच, तर दार उघडतानाची वेळ मोबाइलवर टिपून ठेवा. पाच मिनिटांत २५० युरो इकडचे तिकडे होतात.

इंटरनेटवरचे अंतर-वेळ सांगणारे तक्ते या भानगडीत पडत नाहीत. त्यांचं ढोबळ सूत्र असं असतं: अंतराला ताशी ८०० ने भागा, चढउतारासाठी अर्धा तास मिळवा. लंडन-पॅरिसला त्यातून ५६ मिनिटं निघतात. हवेतल्या वेळापेक्षा जरा जास्त, तिकिटावरच्या वेळेपेक्षा बरीच कमी. हेच सूत्र लंडन-अथेन्सला लावलं, जे सुमारे २४२५ किलोमीटर आहे, तर साडेतीन तास येतात आणि ते वेळापत्रकाच्या बरंच जवळ जातं. राजधान्या जितक्या दूर तितकं सूत्र खरं. उलट टोकाला व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या राजधान्या एकमेकींपासून पंचावन्न-साठ किलोमीटरवर आहेत. तिथे आगगाडी तासाभरात पोचवते, सूत्राचं काही कामच नाही.

लंडन-पॅरिसचाही खरा सामना आगगाडीशीच आहे. घरातून निघाल्यापासून हॉटेलात पोचेपर्यंतचा हिशेब मांडला तर विमान हरतं. मध्य लंडनमधून भुयारी रेल्वेने हीथ्रो पाऊण तास, उड्डाणाआधी दोन तास, विमान ८० मिनिटं, पॅरिसला पासपोर्टची रांग आणि सामान धरून पाऊण तास, मग आरईआर या उपनगरी गाडीने गार द्यू नॉर स्टेशन अर्धा तास. पाच-साडेपाच तास झाले. युरोस्टार, म्हणजे खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि गार द्यू नॉरला सव्वादोन-अडीच तासांत पोचते. स्टेशनवर तासभर आधी जावं लागतं हे खरं, पण फ्रान्सचे सीमा पोलीस लंडनच्या स्टेशनातच बसलेले असतात, त्यामुळे पासपोर्टची तपासणी तिथेच होते आणि पॅरिसला उतरलात की थेट रस्त्यावर. चार तासांत काम होतं.

गंमत म्हणजे २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनहून पॅरिसला रोजची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ती हौन्स्लो हीथच्या मैदानावरून, म्हणजे आजच्या हीथ्रोपासून जवळच. त्या दिवशी विमानात एक प्रवासी होता, सोबत चामडं, शिकारीचे पक्षी आणि डेव्हनशायरच्या दाट सायीच्या बरण्या. पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर पोचायला सुमारे अडीच तास लागले. शंभर वर्षांनी आगगाडी खाडीच्या तळाखालून तेवढ्याच वेळात जाते.

मग लंडन-पॅरिस विमानात बसतं कोण? मोठा हिस्सा पुढे किंवा मागे जोड-उड्डाण असणाऱ्यांचा. मुंबईहून हीथ्रोला उतरून पॅरिसला जाणाऱ्याने सामान घेऊन सेंट पँक्रस गाठण्यात काही हशील नाही. विमानतळाबाहेर न पडता दुसरं विमान धरणं सोपं. हीथ्रोजवळ राहणाऱ्यालाही विमान परवडू शकतं. ज्याचं हॉटेल मध्य लंडनमध्ये आहे आणि ज्याला आयफेल टॉवर बघायचाय, त्याने मात्र आगगाडीच धरावी.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी या ३४४ किलोमीटरमध्ये एक जास्तीचं अंतर आहे आणि ते व्हिसाचं. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, फ्रान्सचा ब्रिटनला चालत नाही, दोन्ही वेगळे काढावे लागतात. सहलीचा आराखडा पॅरिस, मग लंडन, मग परत ॲमस्टरडॅम असा असेल तर शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असून भागत नाही. पॅरिस सोडून लंडनला आलात की तो एक प्रवेश संपला, आणि ॲमस्टरडॅमचं तिकीट हातात असूनही विमानात घेत नाहीत. अर्ज भरतानाच एकाहून जास्त प्रवेश मागावेत, आणि व्हिसा हातात आला की त्यावर प्रवेशांच्या रकान्यात काय छापलंय ते तिकिटं काढण्याआधी वाचावं.